करार संपलेला खेळाडू आणि त्याला घडवणारे मैदान

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवा हंगाम जवळ आला की कोणत्या संघाने कोणता खेळाडू घेतला याच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर येऊ लागतात आणि ठाण्यापासून नेरुळ-खारघरपर्यंतच्या फुटबॉलवेड्या मुलांच्या बोलण्यात दुसरा विषय उरत नाही. करार संपून मोकळा झालेला एखादा नावाजलेला खेळाडू मुंबई सिटी एफसीने जुन्या संघाला एक रुपयाही न देता झटपट करारबद्ध केला, की अर्धा हंगाम जिंकल्याची भावना या मुलांच्या मनात असते. तोच खेळाडू कोलकात्याच्या किंवा बेंगळुरूच्या संघाने नेला, तर आपले व्यवस्थापन काय करत होते, असा संताप असतो. या आनंदात आणि संतापात मीही मनापासून सहभागी आहे. मात्र ऐरोली परिसरात अनेक वर्षे शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवणारा क्रीडाशिक्षक या नात्याने मला या चाहत्यांपुढे, आणि आपल्या वृत्तपत्राद्वारे क्लब व अखिल भारतीय फुटबॉल महासंघापुढे, एक मागणी ठेवायची आहे. करार संपलेला खेळाडू विनाशुल्क घेतला जातो, तेव्हा त्याला लहानपणी घडवणाऱ्या छोट्या क्लबच्या वाट्याला काहीच येत नाही. हा वाटा त्यांना मिळावा अशी व्यवस्था आपल्या देशात झाली पाहिजे आणि तिचा आग्रह सर्वांत आधी चाहत्यांनी धरला पाहिजे.

खेळाडूंच्या भरतीवर जल्लोष करणाऱ्यांना पोरकट ठरवणारे लोक पुष्कळ भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. या संघाशी नवी मुंबईचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, घरच्या पहिल्याच सामन्यात, मुंबई सिटीने पुणे सिटीचा ५-० असा पराभव केला आणि आंद्रे मॉरित्झने इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) पहिली हॅट्ट्रिक नोंदवली. त्या वर्षी निकोला अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग अशी जगप्रसिद्ध नावे संघात असूनही मुंबई सातव्या क्रमांकावर राहिली, तरी त्या नावांमुळे आमच्याकडची कित्येक मुले पहिल्यांदा स्टेडियमची पायरी चढली, हे मी स्वतः पाहिले आहे. २०१६ मध्ये घरचे सामने अंधेरीला गेले आणि खाडीच्या अलीकडच्या चाहत्यांना लोकल बदलत, रात्री उशिरा घरी पोहोचत संघाला साथ द्यावी लागली. ती त्यांनी दिली. इतके करणाऱ्याला आपल्या संघात कोण येतो आणि कोण जातो याची आस असणारच.

शिवाय धडाक्याने केलेली भरती फळते, याचा पुरावा याच संघाच्या इतिहासात आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच वर्षी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्यासह अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई असे गोव्यात नाव कमावलेले खेळाडू मुंबईत आले. गोव्याच्या चाहत्यांना ते किती लागले असेल याची कल्पना करता येते. त्या हंगामात मुंबईने साखळीत अव्वल राहणाऱ्याची लीग शिल्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या प्रेक्षकांविना रिकाम्या स्टेडियमवर एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून आयएसएल चषकही जिंकला. पण त्या सामन्यातील विजयी गोल ९०व्या मिनिटाला कोणी केला, हेही लक्षात घेतले पाहिजे. तो बिपिन सिंगने केला, आणि मणिपूरचा हा मुलगा त्या उन्हाळ्याच्या भरतीत आलेला नव्हता. तो २०१८ पासून संघात होता. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ असे हरवून दुसऱ्यांदा चषक जिंकला, तेव्हाही संघाला आघाडीवर नेणारा दुसरा गोल त्याचाच होता. भरतीमुळे संघ उंचीवर गेला हे खरे, परंतु ती उंची पेलून धरणारे खेळाडू आधीपासून संघात असावे लागतात.

त्यानंतरचा उन्हाळा याची दुसरी बाजू दाखवतो. २०२४ मध्ये मुंबईने ब्रँडन फर्नांडिस, निकोलाओस कारेलिस, जॉन टोरल अशी नावे घेतली आणि चाहत्यांनी त्यांचे जोरदार स्वागत केले. त्याच सुमारास राहुल भेके आणि होर्हे पेरेरा दियाझ बेंगळुरूला गेले, तर अपुइया मोहन बागानकडे गेला. भेके हा मूळचा मुंबईचाच. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबईचा विजयी गोल त्याच्याच हेडरने झाला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमधील कोणत्याही भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता. २०२४-२५ च्या हंगामाअखेर मुंबई जेमतेम सहावी आली आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बेंगळुरूकडून ५-० अशी हरली. त्या पाच गोलांपैकी एक दियाझचा होता. त्याच वर्षी बिपिनही ईस्ट बंगालकडे गेला. मोकळ्या खेळाडूंचा बाजार दोन्ही बाजूंनी चालतो, हे त्या एका वर्षात आपल्या सर्वांना पुरेसे कळले आहे.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा असला, तरी या बाजाराचा तिथला अनुभव आपल्याला उपयोगी आहे. तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९९३ पासून करार संपलेल्या खेळाडूंना मोकळेपणाने संघ निवडता येतो आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. दरवर्षी मार्चमध्ये हा बाजार उघडतो आणि तिथले चाहते आपल्या मुलांसारखेच रात्रंदिवस बातम्यांच्या मागे असतात. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने इतकी मोठी नावे गोळा केली की संघातीलच एका खेळाडूने त्याला ‘ड्रीम टीम’ म्हटले, आणि त्या संघाने १६ पैकी ८ सामने गमावले. उलट न्यू इंग्लंड पेट्रियट्सने सलग दोन हंगाम १७ पैकी फक्त ४ सामने जिंकल्यावर २०२५ मध्ये मिल्टन विल्यम्स, कार्ल्टन डेव्हिस, स्टेफॉन डिग्ज अशा खेळाडूंवर प्रचंड पैसा लावला, त्या हंगामात १४ सामने जिंकले आणि ते थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तो त्यांनी सिएटलविरुद्ध गमावला. दोन्ही गावांतल्या चाहत्यांचा सुरुवातीचा आनंद सारखाच होता.

मला मात्र त्या लीगमधील एका वेगळ्याच नियमाकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या संघाचे मोकळे झालेले खेळाडू मोठ्या संख्येने किंवा मोठ्या मोबदल्यावर दुसरीकडे जातात आणि ज्याला त्या तोलाचे खेळाडू परत मिळत नाहीत, त्या संघाला पुढच्या वर्षी, फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत जादा संधी दिल्या जातात. अशा जादा निवडी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी, सर्व संघांना मिळून वर्षाला जास्तीत जास्त ३२ इतक्या असतात. केवळ व्यवसाय म्हणून चालणाऱ्या, नफ्यातोट्याचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या त्या लीगलाही असे वाटते की खेळाडूला जाण्याचे स्वातंत्र्य असावे, पण ज्याच्या हातून तो गेला त्याचे हात अगदी रिकामे राहू नयेत. आपल्या फुटबॉलमध्ये या भावनेला नियमांत जागा आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

इथे कोणाचा गैरसमज होऊ नये. खेळाडूचे स्वातंत्र्य काढून घ्यावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्याँ-मार्क बॉसमन या बेल्जियन खेळाडूचा करार १९९० मध्ये संपला होता, तरी त्याच्या लिएजच्या क्लबने फ्रान्समधील डंकर्ककडून पैसे मिळाल्याशिवाय त्याला सोडायचे नाकारले. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर माणसाने कुठे काम करावे हे जुन्या मालकाने ठरवू नये, हा त्या निकालाचा गाभा मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्याकडे तर हा हक्क अधिकच मोलाचा आहे. २०२३-२४ च्या हंगामात हैदराबाद एफसीच्या खेळाडूंचे पगार थकले, तेव्हा करार मोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसती, तर त्या मुलांनी काय केले असते? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि तो सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला. त्या मधल्या महिन्यांत काही क्लबांनी पहिल्या संघाचे वेतनच थांबवले होते. अशा अनिश्चित व्यवसायात खेळाडूच्या पायात बेडी घालण्याचा विचारही कोणी करू नये.

प्रश्न खेळाडूचा नाही, पैशाच्या वाटेचा आहे. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार करार चालू असताना एखादा खेळाडू दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्याच्यासाठी जुन्या क्लबला मोजलेल्या हस्तांतरण शुल्कातील ५ टक्के रक्कम बाजूला काढून, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या-ज्या क्लबकडे शिकला त्यांना वाटली जाते. वयाच्या १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरवर्षी त्या रकमेचा ५ टक्के आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दरवर्षी १० टक्के, असा तो वाटा असतो. हिशेब करून पाहावा. शुल्क १ कोटी रुपये असेल, तर ५ लाख बाजूला निघतात आणि ज्या क्लबने तो मुलगा १२ ते १५ या वयात सांभाळला, त्याला त्यातले १ लाख मिळतात. तोच खेळाडू करार संपेपर्यंत थांबून गेला, तर शुल्कच नसल्याने त्या क्लबला काही मिळत नाही. तरुण खेळाडू घेणाऱ्या क्लबने त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यायची प्रशिक्षण भरपाई ही दुसरी तरतूद आहे, पण ती खेळाडू २३ वर्षांचा होतो त्या वर्षाअखेरपर्यंतच लागू असते. आणि चाहते ज्याच्यासाठी आसुसलेले असतात तो तयार, नावाजलेला मोकळा खेळाडू बहुधा त्याहून मोठा असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२४ चे आहे. किलियन एम्बापे पॅरिस सेंट-जर्मेनचा करार संपवून रेआल माद्रिदकडे गेला. तो पॅरिसबाहेरच्या बाँदी या उपनगरातील एएस बाँदी या छोट्या क्लबमध्ये लहानाचा मोठा झाला. हस्तांतरण शुल्क नसल्याने जगातील सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी एकाच्या त्या बदलातून बाँदीच्या मैदानाला नियमाने काहीच देणे लागले नाही. शुल्क वाचले म्हणजे मोठ्या क्लबचा पैसा वाचतो असेही नाही. त्यातला बराच भाग करारावर सही करतानाच्या रकमेत आणि एजंटांच्या मोबदल्यात जातो. मुंबईच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्या उपनगरवासीयांना बाँदीचे हे दुःख चटकन कळावे.

आपल्याकडे हे प्रशिक्षण कोण देते, हे चाहत्यांनी एकदा सकाळी लवकर उठून पाहावे. महापालिकेच्या मैदानावर कुठे सभेचा मांडव पडलेला असतो, कुठे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेसाठी मैदान आधीच आरक्षित असते, आणि पावसाळ्यात तर चार महिने चिखलातच सराव चालतो. तासावर भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने (टर्फ) पगारदार तरुणांच्या संध्याकाळच्या खेळासाठी सोयीची आहेत, पण दिघा, रबाळे किंवा तुर्भ्यातून लोकलने येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना ते भाडे रोज परवडत नाही. तरीही कोणी निवृत्त खेळाडू, कोणी शिक्षक, कोणी बँकेत नोकरी करणारा माजी गोलरक्षक पहाटे येऊन शंकू मांडतो, चेंडूत हवा भरतो आणि पंचवीस-तीस मुलांना घेऊन उभा राहतो. मोठ्या क्रीडा सोहळ्यांची या शहराला कमतरता नाही. २०१७ मध्ये मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नेरुळला झाले, २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाचा अल हिलालसारखा संघ मुंबई सिटीविरुद्ध तिथे खेळला. त्यांचा ब्राझिलियन तारा नेमार दुखापतीमुळे येऊ शकला नाही, आपण ०-२ असे हरलो, तरी चाहत्यांनी स्टेडियम दणाणून सोडले. या सोहळ्यांच्या आणि पहाटेच्या त्या मैदानांच्या मध्ये पैशाची एखादी छोटी वाटही नाही, ही माझी खंत आहे.

आमच्याकडे सहावीत आलेला एक मुलगा नववीनंतर एका मोठ्या अकादमीने निवडला. आम्ही सर्वांनी पेढे वाटले आणि आजही त्याचा अभिमान आहे. त्या चार वर्षांत त्याचे बूट, स्पर्धांचे प्रवेश शुल्क आणि प्रवासखर्च कोणी केला याची विचारणा त्या अकादमीने केली नाही, आणि करावी असा नियमही त्यांच्यापुढे नव्हता. तो मुलगा उद्या मोठा खेळाडू होऊन करार संपवून कुठल्या संघात गेला आणि चाहत्यांनी त्याचे नाव घेऊन स्टेडियम डोक्यावर घेतले, तर आमचा आनंद कमी होणार नाही. पण त्या वेळी मैदानावर असलेल्या पुढच्या तीस मुलांना त्यातून चार चेंडू मिळाले, तर त्यात कोणाचे नुकसान आहे?

म्हणून माझी सूचना अशी आहे. देशांतर्गत बदलांमध्ये मुलांना घडवणाऱ्या क्लबांना मोबदला देणारी व्यवस्था प्रत्येक राष्ट्रीय महासंघाने करावी, असे फिफाचेच नियम सांगतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या व्यवस्थेत करार संपलेल्या, २३ वर्षांवरील खेळाडूंचाही स्पष्ट समावेश करावा. असा खेळाडू घेणाऱ्या क्लबने त्याच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या २ टक्क्यांइतकी रक्कम स्वतःच्या तिजोरीतून, खेळाडूच्या पगारातून न कापता, जमा करावी आणि ती फिफाच्याच प्रमाणात वाटली जावी. वेतन १ कोटीचे असेल, तर ही रक्कम २ लाख होते आणि १२ ते १५ या वयातील क्लबच्या वाट्याला ४० हजार रुपये येतात. आयएसएलमधील क्लबच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसणारही नाही. आमच्यासारख्यांकडे त्यातून वर्षभराचे चेंडू, गोलच्या जाळ्या आणि सरावात गट ओळखण्यासाठी घालायचे रंगीत बिब येतील.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला, लीगचे व्यावसायिक भवितव्य डळमळीत आहे, अशा काळात क्लबांवर नवा बोजा नको, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. परंतु याच काळाने हेही दाखवले की गुंतवणूकदार येतात आणि जातात. मुंबईने हे पूर्वीही पाहिले आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडसारखा संघ २०१० मध्ये बंद झाला. त्यानंतरही या महानगरात मुले फुटबॉल खेळत राहिली, कारण छोटे क्लब बंद झाले नाहीत. पैसा कमी असताना बाहेरून तयार खेळाडू आणणे कठीण होते, आणि तेव्हाच घरचे खेळाडू लागतात. आयएसएलच्या पहिल्या वर्षी एका वेळी मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरवता येत होते, २०२१-२२ पासून ती संख्या चारवर आली. म्हणजे उरलेले सात भारतीय कुठून येणार, हा प्रश्न नियमानेच क्लबांपुढे ठेवला आहे.

आम्हा छोट्या क्लबांचीही यात जबाबदारी आहे आणि ती टाळून चालणार नाही. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत मुलाचे नाव वयाच्या बाराव्या वर्षापासून नोंदलेले नसेल, तर त्याच्या पुढील प्रवासात आमचा मागमूस राहत नाही आणि कोणताही नियम आमच्या उपयोगाचा ठरत नाही. बरेच प्रशिक्षक कागदपत्रांच्या कटकटीमुळे हे करत नाहीत. राज्य संघटनेने ठाणे आणि नवी मुंबईत वर्षातून दोनदा नोंदणी शिबिरे घेतली, तर हे काम सहज होईल; जागा आणि मनुष्यबळ द्यायला आमच्यासारखे अनेक शिक्षक तयार होतील.

चाहत्यांच्या हातात मोठी शक्ती आहे. वेस्ट कोस्ट ब्रिगेडसारखे समर्थक गट हरलेल्या सामन्यातही नव्वद मिनिटे गात राहतात आणि क्लब त्यांचे ऐकतो. नव्या खेळाडूचे स्वागत करताना त्यांनी क्लबला करार किती वर्षांचा आहे एवढेच न विचारता, हा खेळाडू बाराव्या वर्षी कुठे खेळत होता आणि त्या मैदानासाठी आपण काय केले, असे विचारायला सुरुवात केली, तर महासंघाचा नियम होण्याची वाट पाहायचीही गरज उरणार नाही. एखादा क्लब स्वतःहून ही प्रथा पाडू शकेल.

आपणासही एक विनंती आहे. खेळाडूंच्या भरतीच्या बातमीत त्याचे वय, आधीचा संघ आणि कराराची मुदत आपण आवर्जून देता. त्याच ओळीत तो ज्या गावातील क्लबमध्ये किंवा शाळेत पहिल्यांदा खेळला, त्याचे नावही द्यावे. येत्या हंगामापासून हे सुरू झाले, तर माहिती मिळवण्याच्या कामी ठाणे आणि नवी मुंबईतील आम्ही काही प्रशिक्षक आपल्या प्रतिनिधींना आनंदाने मदत करू.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक
ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)